माझा हात लागला की काळी होणारी स्क्रीन

मला खुर्चीवर बसून करायचं काम हवं होतं. एवढंच. स्वप्न-बिप्न म्हणावं असं काही नव्हतं. सुरतेत आल्यापासून सोळा वर्षं जमिनीवर मांडी घालून साड्यांवर हातकाम करत आले होते. मान खाली, पाय बधिर, आणि उठताना भिंतीचा आधार. आमच्या डिंडोलीच्या गल्लीत घरोघर हेच चालतं. टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे येतात, आपण खडे लावायचे, मणी टाकायचे, लेस शिवायची, गठ्ठे परत जातात. लग्न जमलं तेव्हा खान्देशातल्या आमच्या गावात सगळे म्हणाले होते, सुरतेला चाललीस, मजा आहे तुझी. कसली मजा. तिथं कापूस वेचायला निदान उभं राहायला मिळायचं.

घरात आम्ही चौघं. नवरा, मी, सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. नवरा एम्ब्रॉयडरीच्या मोठ्या मशीनींचा मिस्त्री आहे. आज लिंबायतला, उद्या पर्वत पाटियाला, जिथं मशीन अडेल तिथं त्याला बोलावणं. मशीन त्याच्या हातात आली की सरळ होते असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे.

हातकामाची सुई केसासारखी बारीक असते. खाली पडली तर दिसत नाही. एकदा ती सासूबाईंच्या टाचेत गेली आणि दवाखान्यात नेऊन काढावी लागली. तेव्हापासून त्यांनी मला नियम घालून दिला. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बाया बिघडलेल्या स्पीकरमधला चपटा चुंबक चिंधीत शिवून डाव्या मनगटाला बांधतात, सुया त्याला चिकटवून ठेवतात. बाया काम संपलं की तो सोडतात. मला मात्र घरात असेपर्यंत सोडायची मुभा नव्हती. "तुना हातमा कव्हय सुई ऱ्हास, काय भरोसा नही," सासूबाई म्हणायच्या. भाकरी थापताना चुंबक, भांडी घासताना चुंबक. अंघोळीला आणि घराबाहेर जाताना तेवढा काढायचा. पुढं पुढं तो हातावर आहे हेही मला कळेनासं झालं, बांगडीचं कळत नाही तसं.

मग आमच्याकडं बायकांसाठी कॉम्प्युटरचा मोफत वर्ग निघाला. शिकवणाऱ्या मॅडम वऱ्हाडातल्या, नवरा इकडं बांधकामावर सुपरवायझर म्हणून त्याही इकडं. त्यांनी आम्हाला साडीवरच्या भरतकामाची डिझाईन कॉम्प्युटरवर काढायला शिकवलं. याला इथं पंचिंग म्हणतात. वेल काढायची, बुट्टा काढायचा, कुठला टाका कुठून सुरू होणार ते ठरवायचं, मग मशीन तसं भरते. हातानं इतकी वर्षं टाके घातलेले, त्यामुळं मला ते भराभर येत गेलं. कुठं धागा ओढला जाईल आणि कुठं कापड गोळा होईल हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुमचा हात चांगला आहे हो." इतक्या वर्षांत माझ्या हाताबद्दल कुणी काही चांगलं बोललेलं मला आठवत नव्हतं.

हातकामाच्या पैशातून मी एक जुना लॅपटॉप घेतला आणि वर्गातच ठेवला. तो इतका हळू चालायचा की उघडून चहा ठेवावा, तो पिऊन व्हावा, तरी याचं आपलं गोल फिरणं चालूच. मॅडम म्हणाल्या, आहे ते सगळं पुसून टाका आणि लिनक्स टाका. फुकट असतं, जुन्या मशीनवरही पळतं, आणि आपलं डिझाईनचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. वर्गातच बसून टाकलं. मी टाकलं. पेनड्राईव्ह लावण्यापासून पासवर्ड ठरवण्यापर्यंत दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही. तीन वेळा बंद करून चालू केला, तिन्ही वेळा सुरळीत सुरू झाला. त्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की पर्वत पाटियाला एका शेठच्या ऑफिसात पंचिंगला माणूस हवाय, बाई असली तरी चालेल, पुढच्या सोमवारी स्वतःचं एक डिझाईन घेऊन या. खुर्ची, टेबल, वर एसी. मी रिक्षानं घरी आले तर लॅपटॉप मांडीवर असा धरून आले, जसं काही त्यालाच नोकरी लागलीय.

घरी आले, साडी बदलली, चुंबक बांधला, पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून उघडला. आधी मेनूची ओळ आली, मग चिन्ह आलं, मग पासवर्डचा चौकोन. मी दोन्ही हात ठेवून पासवर्ड मारायला लागले आणि स्क्रीन काळी. आवाज नाही, काही नाही. कडेचा बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता. कुठलंही बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. शेवटी चालू करायचं बटण दाबून धरलं, पूर्ण बंद केला, पुन्हा चालू केला. मेनू, चिन्ह, चौकोन, काळी. पाच-सहा वेळा तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मॅडमना फोन लावला. माझ्या फोनचा स्पीकर गेलेला, त्यामुळं तो डाव्या हातानं कानाला दाबूनच धरावा लागतो. त्या म्हणाल्या, घाबरू नका, लिनक्स टाकल्यावर काळी स्क्रीन बऱ्याच जणांची येते, ग्राफिक्सचं भांडण असतं. मेनू आला की ई दाबा. लिनक्स अशी सुरुवात असलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी नोमोडसेट लिहा. स्पेलिंग त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी उजव्या हाताच्या एका बोटानं लिहिलं. मग एफ टेन. लॅपटॉप सुरू झाला, पासवर्ड घेतला, आत गेला, डिझाईन उघडलं. दहा मिनिटं आम्ही बोलत होतो, दहा मिनिटं तो चालला. मी त्यांना इतके आशीर्वाद दिले की त्याच लाजल्या. फोन ठेवला, दोन्ही हातांनी कामाला लागले, आणि स्क्रीन काळी.

परत फोन. परत चालू. फोन ठेवला, परत काळी. "माह्याशी बोलता तेव्हा चालते अन् फोन ठेवला की बंद पडते, हे काहून होते बाप्पा?" मॅडम म्हणाल्या. "त्याले माहा आवाज आवडते का?" त्या हसल्या, मीही हसले. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसणं.

संध्याकाळी नवरा आला. त्याच्यापुढं लॅपटॉप ठेवला. त्यानं उघडला, चालू केला, तासभर व्हिडिओ बघत बसला. एकदाही अडला नाही. "काय झालंय याला? चांगला तर चालतोय," म्हणाला. मी शेजारी बसून माझ्याकडं ओढला, हात ठेवले, आणि काळी. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुना हात लागना का बंद पडस." साधं सांगावं तसं सांगितलं, रागानं नाही. मग त्यांना एकेक आठवत गेलं. माझ्या हातचं दही लागत नाही. माझ्या हातून मिक्सर जळला होता. मी लावलेली तुळस दोनदा वाळली. मिक्सर दहा वर्षांचा होता आणि तुळशीला त्या स्वतः उठता-बसता पाणी ओतून मुळं कुजवायच्या, पण हे कोण बोलणार? माझी पोरगी दप्तर मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं कामावर जाण्याआधी मला लॅपटॉपपुढं बसवलं. "हात ठेव इथं. आता उचल. आता नुसता उजवा ठेव. आता डावा." मशीन तपासताना त्याचा चेहरा जसा होतो, अगदी तसा झाला होता. कपाळाला आठी, ओठ आत घेतलेले. डावा हात ठेवला की बंद पडायचा, उजव्यानं काही होत नव्हतं. त्यानं माझा हात बघितला, लॅपटॉपचा डावा कोपरा बघितला, परत हात बघितला. मी म्हटलं, "काय वाटतं तुम्हाला?" तो उठला आणि म्हणाला, "सोड. एकेकाचा हात असतो." चहा पिऊन निघून गेला.

आता मला सांगा, ज्याला अख्खी गल्ली मशीनचा डॉक्टर म्हणते तोच असं म्हणतो, तेव्हा बाईनं काय समजायचं? मी समजले. माझा डावा हात वाईट आहे, असं मी मनापासून समजले. त्या आठवड्यात लिनक्स आणखी दोनदा पुसून नव्यानं टाकलं. मॅडमनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं, कुठल्या कुठल्या ओळी लिहिल्या, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावताना बघितली. सगळे उपाय फोनवर बोलताना चालायचे आणि नंतर मरायचे. शेवटी मी माझा उपाय काढला. डावा हात मांडीखाली घालायचा आणि त्यावर बसायचं. हाताला मुंग्या यायच्या, बधिर व्हायचा, पण स्क्रीन टिकायची. असं एका हातानं मी अख्खं डिझाईन काढलं. पदराच्या काठाला केळफुलाची वेल, आणि आत बारीक बुट्टे. आजही कुणाला दाखवायला लाज वाटणार नाही असं काम होतं ते.

सोमवारी नवऱ्यानं सुट्टी टाकून मला मोटारसायकलवर पर्वत पाटियाला नेलं. मी लग्नातली साडी नेसले होते, हातात नव्या बांगड्या. चुंबक घरी खुंटीवर. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण त्या दिवशी माझा हात मोकळा होता.

शेठ बोलायला चांगला माणूस होता. सोबत त्याचा जुना डिझायनर होता, चष्म्यावरून बघणारा. "चालू करो, बेन," शेठ म्हणाला. मी खुर्चीवर बसले. खुर्ची फिरती होती. मी डावा हात मांडीखाली घातला, उजव्यानं लॅपटॉप उघडला, डिझाईन दाखवलं. डिझायनरनं वेल मोठी करून बघितली, टाक्यांची दिशा बघितली, आणि शेठला म्हणाला, "काम सारुं छे." काम चांगलं आहे म्हणाला, माझ्या कानांनी ऐकलं मी ते. मग मला म्हणाला, कंट्रोल दाबून हे तीन बुट्टे एकदम धरा आणि आरशासारखे उलटे करून दाखवा. त्याला दोन हात लागतात. मी उजव्या हाताच्या करंगळीनं कंट्रोल दाबून त्याच हातानं माऊस ओढायची खटपट करायला लागले. माऊस टेबलावरून खाली पडला. शेठनं वाकून बघितलं.

"बेन, हाथ में कुछ तकलीफ है क्या?"

मी खरं सांगितलं. बाई, तुला अक्कल होती की नव्हती, असं मी स्वतःला नंतर हजार वेळा विचारलंय. मी म्हटलं, "मेरा ये हाथ लगता है तो कम्प्युटर बंद हो जाता है."

डिझायनर हसला. शेठ हसला नाही, त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं शेजारचा ऑफिसचा कॉम्प्युटर दाखवला, म्हणाला, त्यावर करून बघा, तो नाही बंद पडणार. मी नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. तो पंख्याकडं बघायला लागला. मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. दुसऱ्याच्या ऑफिसातली वस्तू, त्यावर त्यांचं सगळं काम, आणि माझ्या हातानं बंद पडली तर? मी उठले, लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. शेठ म्हणाला, फोन करू. परतताना नवरा मोटारसायकल चालवत म्हणाला, "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको." त्यानं वाटेत थांबून मला गाडीवरचा लोचोही खाऊ घातला, सुरतेचा तो डाळीचा गरम पदार्थ.

फोन काही आला नाही. मी लॅपटॉपला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला आणि कपाटावर टाकला. वर्ग सोडला. मॅडमचे फोन घ्यायचं बंद केलं. गठ्ठे येत राहिले. पोरीला शाळेतून काही प्रोजेक्ट दिलं तर ती शेजारणीच्या मोबाईलवर करायची.

सात-आठ महिने गेले असतील. नवरा लिंबायतच्या एका कारखान्यात कामाला होता आणि डबा घरी विसरला. मी सहसा त्याच्या कामावर जात नाही, त्याला आवडत नाही. त्या दिवशी गेले. तो वरच्या मजल्यावर होता, म्हणून खाली मशीनीपाशी थांबले. मशीनीच्या पॅनेलवर एक पुठ्ठा चिकटवलेला. त्यावर हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, चुंबक दूर रखो. चिकटपट्टी पिवळी पडलेली. मी मशीन चालवणाऱ्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "धागे कापणाऱ्या बायका मनगटाला चुंबक बांधून येतात. हात पॅनेलजवळ गेला की आतलं सेन्सर फसतं, मशीन खटकन थांबते. आधी आम्हाला वाटायचं बाईचाच पायगुण. मग तुमच्याच मिस्त्रींनी शोधून काढलं. दोन वर्षं झाली असतील."

त्यानं सांगायची गरज नव्हती. ती अक्षरं मी ओळखली होती. 'र' ला अशी खाली शेपटी काढणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

डबा तिथंच ठेवून मी घरी आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. कपाटावरून लॅपटॉप काढला, चार्जर लावला. बाहेर जाताना काढलेला चुंबक खुंटीवर होता, तो दूर खिडकीत ठेवला. चालू केला. दोन्ही हात ठेवले. पासवर्ड घेतला, आत गेला. केळफुलाची वेल उघडली. मी नुसती दोन्ही हातांनी काहीबाही टाईप करत बसले, अर्धा तास तरी. मग खिडकीतून चुंबक आणला आणि डाव्या कोपऱ्यावर धरला. स्क्रीन काळी. दिवा लुकलुकायला लागला.

मॅडमना इतक्या दिवसांनी फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झाकण मिटलं का नाही हे त्याले चुंबकानंच समजते. तुमचा चुंबक लागला की त्याले वाटते झाकण बंद झालं, मंग तो झोपते. अन् जुना लॅपटॉप लिनक्सवर झोपला की कधी कधी उठतच नाही. मले का नाही सांगितलं तुम्ही की हातात चुंबक आहे?" माझ्या लक्षातच नव्हतं, हे मी त्यांना कसं सांगू.

नवरा आला. मी त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला, त्यावर चुंबक ठेवला. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

त्यानं नाकारलं नाही. एवढं मात्र म्हणेन, खोटं बोलला नाही. "दुसऱ्या दिवशी कळलं," म्हणाला.

"आणि ऑफिसात? तिथं तर चुंबकही नव्हता हातावर. मी त्या माणसांसमोर माझा हात वाईट आहे म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्ही पंखा बघत होता."

"तू दिवसभर तिकडं गेली असतीस तर इथं आईचं कोणी बघायचं? पोरीचं कोणी बघायचं?" तो शांतपणे बूट काढत म्हणाला. "आणि मी काय केलं? मी काहीच केलं नाही. नुसता बोललो नाही."

मला तेव्हा काय वाटलं ते मी लिहून बघितलं आणि खोडलं. शिव्या होत्या सगळ्या. शेठच्या ऑफिसला मी दुसऱ्या दिवशी फोन लावला. जागा केव्हाच भरली होती. चुंबक मी पुन्हा बांधला नाही. सुया आता डबीत ठेवते. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. नवऱ्याला मी म्हटलं, आईला आणि पोरीला तुमच्या तोंडानं सांगा की माझ्या हातात काही दोष नव्हता. तो हो म्हणाला. सांगितलं नाही. मी पण वाट बघत राहिले, की त्यानंच सांगावं. तेवढा माझाही हट्ट होता, आणि तो मला महागात पडला.

मागच्या आठवड्यात पोरीला शाळेतून निबंध टाईप करून आणायला सांगितला. मी लॅपटॉप काढून दिला आणि चुलीपाशी गेले. थोड्या वेळानं बघते तर पोरगी एका बोटानं अक्षरं शोधत होती, आणि तिचा डावा हात मांडीखाली होता.

"हात का असा बसवलायस?"

"बंद पडायला नको म्हणून," ती म्हणाली. "मी तुझ्यावर गेलेय ना. आजी म्हणते."

मी जाऊन तिचा हात मांडीखालून ओढून काढला. तो लाल झाला होता. तो बटणांवर ठेवला आणि वरून माझा डावा हात दाबून धरला. सांगितलं तिला सगळं, चुंबकाचं, तिच्या बापाचं, सगळं. स्क्रीन चालू होती. पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि ती स्क्रीन काळी होण्याची वाट बघत होती.